प्रकरण चौदावे : त्या नावाचं इथे कुणी राहत नाही

फोन अकरा ते एकच्या दरम्यान येणार होता. बाबा मात्र साडेनऊपासूनच इस्त्रीचा शर्ट घालून फोनशेजारच्या खुर्चीत बसले होते.

"मुंगीच्या मोबाइलवर येईल ना तो," आई म्हणाली. "तुम्ही त्या डबड्याची राखण कशाला करताय?"

"अर्जात दोन्ही नंबर दिलेत. अशा संस्था जुन्या वळणाच्या असतात. घरच्या फोनवरच करतील."

गच्चीच्या वाटणीवरून तोंडं फुगली होती, त्यानंतर सगळी पहिल्यांदाच एका खोलीत बसली होती. मुंगीच्या थोरल्या भावाने तर दुकान बंद ठेवलं होतं. काचा आणि फ्रेमा विकणारा माणूस, तो नेमणूकपत्राच्या मापाची फ्रेम करूनच घेऊन आला होता. ती त्याने भिंतीला टेकवून ठेवली होती, आत कोरा पुठ्ठा.

"हे आधी आत ठेव," मुंगी त्याच्यावर ओरडली. "मिळालेली नाहीये अजून."

"मिळणार गं. एवढं शिकलीस. तीन वर्षं कोल्ह्यांच्या गळ्यात पट्टे बांधत हिंडलीस. मला अजून सांगता येत नाही गिऱ्हाइकांना, बहीण काय करते म्हणून. अवकाशीय परिसंस्थाशास्त्र म्हटलं की विचारतात, रॉकेटमध्ये आहे का?"

"कोण कुठे राहतं, तिथेच का राहतं आणि तिथून कुठे जातं, एवढंच सांगायचं."

"मग आपल्या गल्लीतल्या काकूंना बिनपरीक्षेचं घेतील."

आई खुदकन हसली. मुंगीलाही हसू आलं. लहानपणी भिंतीवरच्या मुंग्यांच्या मागे खडूने रेघा ओढत जायची म्हणून तिला हे नाव पडलं होतं. पदवी घेतल्यापासून तिने केलेल्या कामांतलं एकही वर्षभर टिकलं नव्हतं. पवनचक्क्यांच्या कंपनीत सहा महिने पक्ष्यांचे मार्ग आखले. महापालिकेची झाडं नकाशावर टिपली, तेही कंत्राटावर. एका सल्लागार कंपनीने अहवाल लिहून घेतले आणि ते वाचलेसुद्धा नाहीत. कायमची जागा म्हणावी अशी ही पहिलीच. नदीखोरे संस्थेला एकच विश्लेषक हवा होता, आणि मुलाखतीला बोलावलं होतं आठ जणांना.

जाहिरात तिने याच खोलीत मोठ्याने वाचून दाखवली होती. "या विषयातली पदवी, किंवा नकाशाकामाचा वीस वर्षांचा अनुभव." आणि हसली होती. "वीस वर्षं! असा कोण सापडणार यांना?"

आत्या तेव्हा दाराशी बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. ती काहीच बोलली नव्हती. पण आत्या फारशी बोलतच नसे, त्यामुळे ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

*

अकरा वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला तो घरचाच. बाबांनी विजयी मुद्रेने आईकडे पाहिलं आणि दुसरी घंटा पुरी व्हायच्या आत उचलला.

"हॅलो! हो, बोला."

पलीकडून एका बाईंनी कुणा बाईचं नाव घेऊन त्या आहेत का, विचारलं. नुसतं नाव, आडनाव नाही. बाबांचे कान मुंगीच्या नावाला लावलेले. जे ऐकू आलं ते भलतंच होतं. त्यांच्या कपाळावर आठी चढली.

"त्या नावाचं इथे कुणी राहत नाही. चुकीचा नंबर लागलाय तुम्हाला. आणि कृपा करून लाइन मोकळी ठेवा, आम्ही महत्त्वाच्या फोनची वाट बघतोय."

ठेवून दिला.

"कोण होतं?" आईने विचारलं.

"कोण जाणे. कुणीतरी बाई हवी होती." आणि त्यांनी ते नाव परत उच्चारलं, परक्या माणसाचं उच्चारावं तसं.

आई त्यांच्याकडे बघत राहिली. थोरल्याचा हात फ्रेमच्या कडेवर थांबला.

दारात आत्या चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

"दादा," ती म्हणाली, "ते माझं नाव आहे."

बाबांना पुढे कित्येक दिवस तो क्षण मनातून काढता आला नाही. एकावन्न वर्षांची सख्खी बहीण. पाळण्यात तिच्या कानात ते नाव सांगितलं, तेव्हा सात वर्षांचे ते स्वतः तिथे उभे होते. पुढे ती ताई झाली, नणंद झाली, मग या घरात नुसती आत्या. ते नाव तिच्या पासबुकावर आणि कचेरीच्या हजेरीपटावर राहिलं. घरात कुणी त्या नावाने तिला हाक मारल्याला पंचवीस वर्षं तरी झाली असतील.

"पण तुझा फोन..." ते म्हणाले, "कोण करेल तुला फोन?"

एवढ्यात तो परत वाजला.

कुणीच उचलेना. शेवटी थोरला पुढे झाला. गंमत काय आहे ती सगळ्यांना कळावी म्हणून त्याने आवाज मोठा करायचं बटण दाबलं, आणि आत्याच्या हातातला ट्रे काढून घेतला.

"बोल, आत्या. तुझाच दिसतोय."

*

"मी नदीखोरे संस्थेची संचालक बोलतेय," आवाज खोलीभर झाला. "मघाशी कुणीतरी चुकीचा नंबर म्हणाले."

"ते माझे भाऊ," आत्या म्हणाली. "मी बोलतेय."

"अभिनंदन! विश्लेषकाच्या जागेसाठी समितीने तुमची निवड केली आहे. एकमताने. खरं सांगू का, अर्जात तुमचं वय बघून आम्ही जरा बिचकलो होतो. पण तुमचा चाचणीचा नकाशा पाहिल्यावर प्रश्नच उरला नाही. तो जोड आठ जणांतून फक्त तुम्हाला दिसला."

मुंगी सोफ्यावरून अर्धवट उठली होती. तशीच राहिली.

"आणि योगायोग बघा, दुसरा क्रमांकही तुमच्याच पत्त्यावरच्या मुलीचा आहे. नात्यातली असेल ना? हुशार आहे हो. तुम्ही नाही म्हणालात तर जागा नियमाने तिला जाईल. माझी बैठक एकला आहे. तोवर हो किंवा नाही, काय ते कळवाल?"

"कळवते," आत्या म्हणाली.

फोन बंद झाला.

सगळ्यांत आधी थोरल्याला कंठ फुटला. "आत्या! तू? कधी दिलास अर्ज? आणि मुलाखत?"

"गुरुवारी."

"गुरुवारी तर तू डोळे तपासायला गेली होतीस."

"हो. तसं सांगितलं होतं."

थोरला टाळी वाजवून हसला. "आपली आत्या! एकोणतीस वर्षं त्या भूमापन कचेरीत खाली मान घालून रेघा ओढल्या, आणि निघाली काय!" त्याला खरोखर आनंद झाला होता. मग त्याची नजर मुंगीच्या चेहऱ्यावर गेली आणि हसणं घशातच राहिलं.

मुंगी तिच्या टेबलाकडे गेली होती. चाचणीच्या नकाशाची छापील प्रत ती जेवणाच्या टेबलावर आणून पसरत होती. चाचणी सगळ्यांना एकच होती. ऐंशी वर्षांपूर्वीचा कापडावरचा नकाशा आजच्या उपग्रहाच्या चित्रावर बसवायचा. त्यावरून बुजलेली तळी शोधायची. कारण बेडूक ती विसरत नाहीत. पाणी गेलं तरी अंडी घालायला जुन्या जागीच येतात, आणि वाटेत आता रस्ता आहे. त्या रस्त्याखालून त्यांच्यासाठी बोगदे कुठे खणायचे ते सांगायचं.

"कुठला जोड?" मुंगीने विचारलं.

आत्या जवळ आली. तिने बोट ठेवलं तिथे मधोमध एक पुसट उभी रेघ होती. मुंगीने ती घडीची खूण समजून सोडून दिली होती.

"ही दोन कापडं आहेत. डावा तुकडा मागाहून चिकटवलाय. दोन्ही ताग्यांचं कापड सारखं नसतं, दमट हवेत डावं जास्त आखडलंय. तू जुळवणीच्या खुणा सगळ्या उजवीकडे घेतल्यास. पूल, कारखान्याची चिमणी, मनोरा. डावीकडे नुसती शेतं, तिथे एकही नाही घेतलीस. म्हणून यंत्र म्हणतं चूक चार मीटरची. पण डावीकडची तळी..."

"किती सरकली?"

"एकशे ऐंशी मीटर."

मुंगीने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ती अगदी हळू बोलली.

"मंगळवारी संध्याकाळी मी तुला हा नकाशा दाखवला होता. पाठवायच्या आधी. याच टेबलावर."

"हो."

"विचारलं होतं, आत्या, बसलाय ना नीट?"

"हो."

"तेव्हा तुला जोड दिसला होता?"

आईला वाटलं, आता तरी हिने खोटं बोलावं. देवा, एवढं एकदा तिला खोटं बोलू दे.

"दिसला होता," आत्या म्हणाली.

"आणि तू म्हणालीस, छान दिसतंय."

"म्हणाले."

*

त्यानंतरचा तासभर या घरात कुणी कुणाच्या बाजूने राहिलं नाही.

थोरल्याने फ्रेम उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवली. परत आला तो दगडासारखा चेहरा करून. "मला वाटलं, लपूनछपून परीक्षा दिलीस, गंमत केलीस. हे वेगळंय, आत्या. माउस धरायला तुला मुंगीने शिकवलं. रोज संध्याकाळी शेजारी बसवून. आणि तू तिलाच पाडलंस?"

"उगाच चर्चा नको," बाबा म्हणाले. ते पाणीपुरवठ्याच्या पंपघरावर चौतीस वर्षं हुकूम देत आले होते, आणि त्यांचा तो आवाज परत आला होता. "उपाय सरळ आहे. त्या बाई काय म्हणाल्या? ही नाही म्हणाली की जागा मुंगीला. लाव फोन आणि नाही म्हण. विषय संपला."

"दादा..."

"तुला काय करायची आहे गं नोकरी? आहे ना एक. एकट्या जिवाला लागतं काय? दोन वेळचं जेवण आणि वरची खोली. पोरीचं अख्खं आयुष्य पुढे आहे."

आई तोपर्यंत त्यांच्याच बाजूची होती. लेकीसाठी तिचं काळीज तुटत होतं, आणि नणंदेकडे बघवतही नव्हतं. पण 'एकट्या जिवाला लागतं काय' हे शब्द तिच्या कानावर पडले आणि आत कुठेतरी खटकन काहीतरी फिरलं. ती शाळेच्या प्रयोगशाळेत होती तेव्हाची गोष्ट. थोरला पोटात होता. याच माणसाने याच आवाजात विचारलं होतं, तुला काय करायची आहे नोकरी? तेव्हा तीही गप्प बसली होती. आजवर त्या गोष्टीचं तिने कुणाला काही बोलून दाखवलं नव्हतं.

"तुम्ही गप्प बसा," ती म्हणाली.

बाबांना आपण नीट ऐकलं असं वाटेना. "काय म्हणालीस?"

"तिने वाईट केलं. फार वाईट केलं. त्याचं तिला विचारायचा हक्क मुंगीचा आहे. पण तिला काय हवं आणि काय नको, ते तुम्ही नका सांगू. तुम्हाला तर तिचं नावही आठवलं नाही. तुम्ही त्या बाईंना सांगितलंत, अशी कुणी इथे राहतच नाही म्हणून."

बाबा खुर्चीत बसले. शर्टाची इस्त्री मोडली.

आत्या अजून टेबलाशी उभी होती. आपल्यावरून एवढं बोलणं चाललेलं या घरात तिने कधी ऐकलं नव्हतं. ते सगळं दुसऱ्याच बाईबद्दल चाललं आहे असं तिला वाटत होतं. मंगळवारची संध्याकाळ तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. शब्द ओठांवर आले होते. अगं, हा जोड बघ. एवढेच चार शब्द. कचेरीतला आरेखन विभाग बंद झाला त्याला तीन वर्षं झाली होती. उतरती टेबलं भंगारात गेली, आणि तिला आवक टपालावर शिक्के मारायला बसवलं. तेव्हापासून या चाचणीपर्यंत कुणी तिच्यापुढे एकही नकाशा ठेवला नव्हता. चाचणीचा नकाशा आला, आणि तो जोड तिला बघताक्षणी दिसला. एकोणतीस वर्षांत शिकलेलं जे काही होतं, ते त्या एका रेघेत होतं. ते देऊन टाकलं तर आपल्यापाशी काय उरतं, असा विचार त्या संध्याकाळी मनात आला. तेवढ्यात मुंगीने मान वर करून विचारलं, आणि तिच्या तोंडून दुसरेच शब्द निघून गेले.

"मला ती नोकरी हवी होती," ती म्हणाली. "दुसरं काही कारण नाही. सांगण्यासारखं कारण असतं तर बरं झालं असतं."

तिने टेबलावरचा नकाशा मुंगीकडे सरकवला.

"दादा म्हणतो ते बरोबर आहे. मी नाही म्हणते."

तिने फोन उचलला. चष्मा कपाळावर सरकवून जाहिरातीच्या कागदावरचा नंबर बघू लागली. बोट पहिल्या आकड्यावर गेलं.

"थांब," मुंगी म्हणाली.

ती नकाशावर वाकली होती. पेन्सिलीने आपल्या तळ्यांपासून बाजूला एकशे ऐंशी मीटर मोजत होती. पहिलं, दुसरं, तिसरं. आत्याने सांगितलं होतं तसंच सगळं बसत होतं.

"माझं हे पहिलं तळं कुठे पडलंय माहितीये? एका गोदामात. दुसरं पेट्रोल पंपावर." तिने पेन्सिल खाली ठेवली. "बोगदे मी म्हणेन तिथे खणले असते. बेडूक तिकडे फिरकले नसते. ते आपल्या जुन्या वाटेनेच गेले असते, चाकांखाली. आणि मला महिन्याच्या महिन्याला पगार मिळाला असता."

"शिकशील की," बाबा कळवळून म्हणाले. "चूक कुणाची होत नाही?"

"शिकेन. पण ते रस्ता आत्ता करतायत, बाबा. मी शिकेपर्यंत थांबणार नाहीत."

ती आत्याकडे वळली. आपल्या लेकीला इतक्या कोरड्या डोळ्यांनी कुणाकडे बघताना आईने कधी पाहिलं नव्हतं.

"नोकरी घे. हो म्हण. काम तुला येतं, मला अजून येत नाही. पण मला तुझ्याशी बोलायचं नाहीये. आज नाही, उद्याही नाही. परत कधी बोलेन ते मला माहीत नाही."

एकला पाच मिनिटं कमी असताना आत्याने फोन लावला. "मी येते," एवढंच म्हणाली. पलीकडून पुन्हा अभिनंदन झालं. अलीकडे कुणी केलं नाही.

*

तीन दिवस मुंगीने शब्द पाळला. आत्या जिन्यावरून खाली येताना दिसली की ती स्वयंपाकघरात जाई. आत्या स्वयंपाकघरात असली की ती जेवायची थांबे. बाबा बहिणीशी बोलत होते, पण हाक मारायची वेळ आली की अडखळत. 'अगं' म्हणून वेळ मारून नेत. नाव तोंडात येई, पण तेवढी हिंमत होत नसे.

चौथ्या दिवशी सकाळी मुंगी टेबलाशी बसून नवा अर्ज भरत होती. एका बंदराच्या विस्तारात कासवांची अंडी घालायची ठिकाणं आखून द्यायची होती. काम दीड वर्षाचं, पुन्हा कंत्राटावरच. आई पलीकडे उशांचे अभ्रे शिवत बसली होती. शेवटच्या पानाशी मुंगी अडली.

"काय झालं?"

"तुमचं काम जवळून पाहिलेल्या दोन व्यक्तींची नावं द्या म्हणतात. ते त्यांना फोन करून विचारतात. एक माझे सर. दुसरी व्यक्ती याच क्षेत्रात नोकरीला असलेली हवी."

आई शिवण थांबवून तिच्याकडे बघत राहिली. काही सुचवायचं नाही, असं तिने ठरवलं.

आत्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून नव्या कचेरीत घालायच्या बुटांच्या नाड्या ओवत होती. दोघींमध्ये दहा पावलांचंही अंतर नव्हतं.

"आई," मुंगी संगणकाच्या पडद्याकडे बघत म्हणाली, "तिला विचार, तिच्या पदाचं पूर्ण नाव काय लिहायचं."

आईने मान वळवली. "पदाचं पूर्ण नाव काय, म्हणून विचारतेय."

आत्याचे हात थांबले. तिने पद सांगितलं. आवाज इतका खाली गेला होता की आईला ते परत सांगावं लागलं. मुंगीने टाइप केलं. त्याच्या वरच्या ओळीत तिने आत्याचं नाव घातलं. पहिलं, मधलं, आडनाव. कुणाला काही विचारावं लागलं नाही.

"वहिनी," आत्या म्हणाली, "तिला म्हणावं, असं नको करू. त्यांनी फोन करून विचारलं, हिचं काम कसं आहे, तर मी काय सांगू?"

आई मुंगीकडे वळली. पण मुंगीने सगळं ऐकलं होतं. ती मागे न बघता अर्ज पाठवायच्या बटणावर बोट ठेवून बसली होती.

"खरं सांग म्हणावं," ती म्हणाली. "या वेळी."

आणि बटण दाबलं.